रेजेक्समध्ये बॅकस्लॅश: कुठे द्यायचा, किती द्यायचे

सातारा जिल्ह्यातल्या पत्त्यांची एखादी यादी उघडली, की अशा ओळी दिसतात:

`मु.पो. तारळे, ता. पाटण, जि. सातारा`
`मु.पो. मेढा, ता. जावळी, जि. सातारा`

समजा, सगळीकडे ‘ता.’ काढून ‘तालुका’ करायचं आहे. एडिटरमध्ये ‘शोधा आणि बदला’ची खिडकी उघडली, रेग्युलर एक्स्प्रेशनच्या चौकटीत टिक केली, वरच्या रकान्यात `ता.` आणि खालच्या रकान्यात `तालुका` लिहून ‘सगळे बदला’ दाबलं. पहिली ओळ अशी होते:

`मु.पो. तालुकाळे, तालुका पाटण, जि. सातालुकाा`

मधला बदल बरोबर झाला. पण तारळे गावाचं नाव गेलं आणि जिल्ह्याचंही गेलं. रेग्युलर एक्स्प्रेशन, थोडक्यात रेजेक्स, म्हणजे नेमका मजकूर न देता त्याचा नमुना (पॅटर्न) देऊन शोधायची पद्धत. रेजेक्समध्ये टिंब म्हणजे ‘कोणतंही एक चिन्ह’. म्हणून ‘त’, काना आणि पुढे काहीही असलं तरी जुळलं: ‘तारळे’मधलं ‘तार’, ‘सातारा’मधलं ‘तार’ आणि ‘ता.’सुद्धा. कुठेही एरर आली नाही, आणि मला यातली सर्वात घातक गोष्ट हीच वाटते. चुकलेला कंस निदान ओरडतो. चुकलेलं टिंब गप्प राहतं आणि हवं ते जुळवताना नको तेही जुळवतं. दहा ओळींच्या यादीत हे नजरेस पडेल, दहा हजार ओळींच्या यादीत पडणार नाही.

उपाय एका चिन्हाचा आहे: `ता\.` असं लिहायचं. बॅकस्लॅश पुढच्या चिन्हाचा विशेष अर्थ काढून घेतो, मग टिंब हे नुसतं टिंब उरतं. यालाच एस्केप करणं म्हणतात. नवीन माणूस अडखळतो तो पुढच्या प्रश्नांवर: कोणत्या चिन्हाला बॅकस्लॅश लागतो, कोणत्या जागी लागतो आणि कधीकधी एकाऐवजी दोन किंवा चार का लागतात. हे पाठ करून जमत नाही. प्रत्येक वेळी स्वतःला विचारायचं, ‘हे चिन्ह वाचणार कोण?’ खालच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाच्या आहेत.

पायरी 1: विशेष चिन्हं ओळखा

आजच्या बहुतेक भाषांमध्ये (पायथॉन, जावा, जावास्क्रिप्ट, पीएचपी, सी शार्प) चौकोनी कंसाच्या बाहेर ही बारा चिन्हं विशेष असतात:

`\ . ^ $ | ? * + ( ) [ {`

बंद होणारे `]` आणि `}` एकटे आले तर बहुतेक इंजिनं (पॅटर्न वाचून जुळवणारे प्रोग्राम) त्यांना साधं चिन्ह मानतात. तरी त्यांनाही बॅकस्लॅश दिला तर वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

आता ही चिन्हं आपल्या रोजच्या मजकुरात कुठे अडवतात ते बघू.

गोल कंस. मुंबईच्या पत्त्यांत ‘अंधेरी (पूर्व)’ असं असतंच. पॅटर्नमध्ये हेच जसंच्या तसं टाकलं तर ते ‘अंधेरी (पूर्व)’ला जुळतच नाही. रेजेक्सला ते कंस गट बांधण्यासाठी दिसतात, म्हणून ते कंस नसलेलं ‘अंधेरी पूर्व’ शोधत बसतं. बरोबर पॅटर्न: `अंधेरी \(पूर्व\)`.

अधिक चिन्ह. मोबाइल नंबर शोधायला `+91` लिहिलं की बहुतेक भाषा लगेच एरर देतात, कारण `+` म्हणजे ‘आधीचं चिन्ह एक किंवा जास्त वेळा’ आणि इथे आधी काहीच नाही. `\+91` लिहा. ‘सी++’सारख्या नावात मात्र गंमत वेगळी होते. पायथॉन 3.11 च्या आधी तिथे एरर यायची. 3.11 पासून, आणि जावामध्ये आधीपासूनच, दोन अधिक चिन्हांना स्वतंत्र अर्थ आहे, त्यामुळे पॅटर्न बिनतक्रार चालतो आणि नुसतं ‘सी’ जुळवून मोकळा होतो.

प्रश्नचिन्ह. `किती?` या पॅटर्नमध्ये प्रश्नचिन्ह फक्त शेवटच्या चिन्हाला लागू पडतं. देवनागरीत ते शेवटचं चिन्ह म्हणजे दीर्घ वेलांटी! रेजेक्सच्या लेखी ‘ती’ हे एक अक्षर नाही, ‘त’ आणि वेलांटी अशी दोन चिन्हं आहेत. त्यामुळे हा पॅटर्न ‘किती’ला जुळतो, ‘कितवी’मधल्या ‘कित’लाही जुळतो, आणि मजकुरातलं प्रश्नचिन्ह मात्र बाहेरच राहतं.

उभी रेघ. मराठीत हिचा त्रास मला सर्वात जास्त दिसतो, कारण कीबोर्डवर दंड सापडला नाही की लोक त्याच्या जागी पाइप टाकतात. लग्नपत्रिकांच्या आणि अभंगांच्या फाइली `|| श्री ||` अशा लिहिलेल्या असतात. तिथे खरा दुहेरी दंड `॥` आणायचा म्हणून `||` शोधला, तर रेजेक्स त्याचा अर्थ ‘रिकामं किंवा रिकामं किंवा रिकामं’ असा लावतं. रिकामं तर सगळीकडेच जुळतं! पायथॉन किंवा जावास्क्रिप्टमध्ये हा बदल चालवला तर प्रत्येक चिन्हाच्या मागेपुढे `॥` घुसतो आणि जुने पाइप होते तिथेच राहतात. लिहायचं `\|\|`. खऱ्या दंडाला, म्हणजे `।` आणि `॥` यांना, काहीही करावं लागत नाही.

बाकीची पटकन: रक्कम डॉलरमध्ये असेल तर `\$`, कारण एकटा `$` म्हणजे ओळीचा किंवा मजकुराचा शेवट. रुपयाचं `₹` चिन्ह साधं आहे. ‘*अटी लागू’मधल्या तारकेला `\*`. स्वल्पविराम, अवतरणचिन्हं, टक्के, विसर्गासाठी चुकून पडलेला कोलन, देवनागरी अक्षरं आणि अंक यांना काही लागत नाही.

पायरी 2: नको तिथे बॅकस्लॅश देऊ नका

‘शंका आली की बॅकस्लॅश ठोका’ हा सल्ला नवीन लोकांना सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. रोमन अक्षरापुढे किंवा अंकापुढे बॅकस्लॅश आला की त्याचा अर्थ जात नाही, उलट नवा अर्थ येतो. बॅकस्लॅश आणि डी म्हणजे कोणताही अंक, बॅकस्लॅश आणि एस म्हणजे मोकळी जागा, `\1` म्हणजे पहिल्या गटात जे सापडलं तेच पुन्हा. विरामचिन्हांपुढे जादा बॅकस्लॅश बहुतेक ठिकाणी खपून जातो, पण सगळीकडे नाही. जावास्क्रिप्टमध्ये युनिकोडचा फ्लॅग (पॅटर्नला जोडायचा पर्याय) लावला की `\,` सारख्या अनावश्यक एस्केपला थेट एरर येते. जीएनयू ग्रेपमध्ये (टर्मिनलवरून फाइलींत मजकूर शोधणारा प्रोग्राम) `\<` म्हणजे शब्दाची सुरुवात.

ग्रेपचा विषय निघालाच आहे तर तिथला उलटा कारभार समजून घ्या. साध्या ग्रेपमध्ये आणि सेडमध्ये (टर्मिनलवरूनच मजकूर बदलणारा प्रोग्राम) `+`, `?`, `|`, `(`, `)`, `{` ही चिन्हं मुळात साधी असतात आणि बॅकस्लॅश दिल्यावर विशेष होतात. बरोबर आपल्या यादीच्या उलट. कारण ऐतिहासिक आहे. ग्रेप 1973 च्या सुमाराचं, केन थॉम्पसन यांच्या ‘ईडी’ या एडिटरमधून निघालेलं. त्या काळच्या पॅटर्नमध्ये ही चिन्हं साधीच होती. पुढे नव्या सोयी आल्या तेव्हा जुन्या पॅटर्नचा अर्थ बदलू नये म्हणून त्या बॅकस्लॅशच्या आड ठेवल्या. बॅकस्लॅशशिवाय `+`, `?`, `|` आणि कंस वापरायची पद्धत आल्फ्रेड आहो यांच्या ईग्रेपने रूढ केली. आज ग्रेपला मोठ्या ‘ई’चा पर्याय दिला की तीच पद्धत मिळते. नवीन असाल तर नेहमी तो पर्याय लावूनच काम करा, म्हणजे पायरी 1 मधली यादी तिथेही लागू पडेल.

पायरी 3: चौकोनी कंसात नियम वेगळे

`[...]` म्हणजे ‘यातलं कोणतंही एक चिन्ह’. या कंसात शिरलं की टिंब, तारका, अधिक, प्रश्नचिन्ह, गोल कंस, डॉलर, पाइप सगळे साधे होतात. `[.?!।]` हा पॅटर्न वाक्याच्या शेवटची चिन्हं शोधतो आणि त्यात एकही बॅकस्लॅश नाही.

आत चार चिन्हंच सांभाळायची: `]`, `\`, `^` आणि `-`. कॅरेट (`^`) सुरुवातीला आला तर अर्थ ‘यातलं सोडून काहीही’ असा उलटतो, इतरत्र तो साधा असतो. वजाचिन्ह दोन चिन्हांच्या मध्ये आलं की पल्ला तयार होतो. `[0-9]` मध्ये तो हवाच आहे. पण 7/12 उताऱ्यातला गट नंबर किंवा 8-अ चा उल्लेख शोधताना कोणी `[0-9,-/]` लिहितं, तेव्हा स्वल्पविरामापासून तिरक्या रेघेपर्यंतचा पल्ला बनतो आणि त्यात टिंबही येऊन बसतं. वजाचिन्ह नेहमी शेवटी ठेवा, `[0-9,/-]`, किंवा त्याला `\-` करा.

यातून एक सोय हाती लागते: टिंबाला `\.` लिहायच्या ऐवजी `[.]` लिहिता येतं. मी स्वतः शक्य तिथे हेच लिहितो. `मु[.]पो[.]` वाचायला थोडं लांब आहे, पण पुढच्या पायरीत येणारा बॅकस्लॅशचा गुणाकार इथे होत नाही. एकच काळजी: ग्रेप आणि सेडमध्ये चौकोनी कंसातला बॅकस्लॅश स्वतःच एक साधं चिन्ह असतो. तिथे `[\.]` लिहिलं तर ‘बॅकस्लॅश किंवा टिंब’ असा अर्थ होतो. जावामध्ये कंसाच्या आत आणखी एक `[` आला तर त्यालाही एस्केप लागतो.

पायरी 4: पॅटर्न इंजिनापर्यंत पोहोचायच्या आधी कोण कोण वाचतं ते मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

बॅकस्लॅश फक्त रेजेक्सचा नाही. हे चिन्ह बॉब बेमर यांच्या प्रयत्नाने 1961 मध्ये आस्कीच्या (संगणकावरच्या चिन्हांची प्रमाण यादी) आराखड्यात आलं, तेव्हा हेतू होता अल्गोल भाषेतली ‘आणि’ व ‘किंवा’ची चिन्हं `/\` आणि `\/` अशी जोडून लिहिता यावीत. पुढे प्रत्येक भाषेने, प्रत्येक शेलने (टर्मिनलवर टाइप केलेली आज्ञा वाचणारा प्रोग्राम) त्याला आपापल्या एस्केपसाठी उचललं. त्यामुळे प्रोग्राममध्ये लिहिलेला पॅटर्न आधी भाषा स्ट्रिंग (अवतरणात लिहिलेला मजकूर) म्हणून वाचते, तिचे बॅकस्लॅश काढून घेते, आणि उरलेलं रेजेक्सच्या हाती देते. दोन वाचक, दोन वेळा एस्केप.

विंडोजवरचा एक पत्ता घ्या: `डी:\यादी\2024`. हा जसाच्या तसा मजकुरात शोधायचा आहे. रेजेक्सला एक खरा बॅकस्लॅश दाखवायचा तर `\\` लागतो, म्हणून इंजिनाला पोहोचायला हवं ते असं:

`डी:\\यादी\\2024`

पण पायथॉनच्या साध्या अवतरणात हे लिहिलं तर भाषा प्रत्येक जोडीतला एक खाऊन टाकते. इंजिनाला एकच मिळतो, म्हणजे `\2024`. त्यातल्या `\202` ला पायथॉनचं रेजेक्स इंजिन अष्टमान पद्धतीतला आकडा समजतं आणि 130 क्रमांकाचं एक न दिसणारं नियंत्रक चिन्ह शोधू लागतं, त्यापुढे 4. पॅटर्न चुकीचा आहे अशी तक्रारही येत नाही. फक्त काही सापडत नाही. साध्या अवतरणात बरोबर रूप चार बॅकस्लॅशचं:

`"डी:\\\\यादी\\\\2024"`

या भानगडीतून सुटायला पायथॉनमध्ये अवतरणाच्या आधी ‘आर’ हे अक्षर लावतात, त्याला रॉ स्ट्रिंग म्हणतात. मग भाषा बॅकस्लॅशना हात लावत नाही आणि दोनच पुरतात. पायथॉनमध्ये रेजेक्स लिहायचं तर रॉ स्ट्रिंगमध्येच, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. पायथॉन 3.12 पासून साध्या स्ट्रिंगमध्ये अनोळखी एस्केप दिसला की इशारा छापला जातो. तो दुर्लक्षू नका.

बाकी ठिकाणी किती वाचक आहेत ते असं:

जावामध्ये स्ट्रिंग आणि रेजेक्स असे दोन, म्हणून `"ता\\."`. पाइपने विभागलेली ओळ तोडायला स्प्लिटला (मजकुराचे तुकडे करणारं फंक्शन) नुसता `"|"` दिला तर ती प्रत्येक चिन्हावर तुटते, आणि `"."` दिला तर हाती रिकामा ॲरे (यादी) येतो. दोन्ही ठिकाणी `\\` लागतो.

जावास्क्रिप्टमध्ये दोन तिरक्या रेघांच्या मध्ये पॅटर्न लिहिला तर एकच वाचक, पण मग तिरकी रेघच हद्द ठरते. त्यामुळे 7/12 शोधायला `/7\/12/`. तोच पॅटर्न स्ट्रिंग म्हणून दिला तर तिरक्या रेघेची अडचण जाते आणि बॅकस्लॅश दुप्पट होतात.

मायएसक्यूएलमध्ये स्ट्रिंग एक बॅकस्लॅश खाते, म्हणून `'ता\\.'`. जेसन फाइलमध्ये पॅटर्न साठवला असेल तर तिथेही दुप्पट. टर्मिनलवर शेल हा आणखी एक वाचक असतो. पॅटर्न नेहमी एकेरी अवतरणात ठेवा, `'ता\.'`, म्हणजे शेल त्याला शिवणार नाही. गूगल शीट्सच्या सूत्रात स्ट्रिंग बॅकस्लॅश खात नाही, तिथे `"ता\."` पुरतं. एडिटरच्या शोध-खिडकीतही एकच वाचक असतो. एक्सेलचा साधा शोध मात्र रेजेक्स नाहीच, तिथे तारका आणि प्रश्नचिन्ह एस्केप करायला `~` वापरतात.

शंका आली तर पॅटर्नची स्ट्रिंग छापून बघा. छापल्यावर जे दिसतं तेच इंजिनाला मिळतं.

पायरी 5: दुसऱ्याने दिलेला मजकूर हाताने एस्केप करू नका

शोध-चौकटीत वापरणारा काहीही टाकेल: ‘(पूर्व)’, ‘50+’, ‘किती?’. तो मजकूर थेट पॅटर्नमध्ये जोडला तर एका उघड्या कंसाने प्रोग्राम बंद पडतो. बहुतेक प्रचलित भाषांमध्ये यासाठी तयार फंक्शन आहे. पायथॉनच्या ‘री’ मॉड्यूलमधलं एस्केप, जावात पॅटर्न वर्गातलं कोट, पीएचपीत प्रेग-कोट (त्याला दुसरा घटक म्हणून हद्दीचं चिन्ह द्यायला विसरू नका), गोमध्ये कोटमेटा. जावास्क्रिप्टमध्ये ते फार उशिरा, 2025 च्या आवृत्तीत प्रमाणित झालं, त्यामुळे जुन्या ब्राउझरवर ते असेलच असं धरू नका.

फंक्शन फक्त बाहेरून आलेल्या तुकड्यावर चालवा. तुम्ही स्वतः लिहिलेल्या भागावर चालवलं तर तुमचे `^` आणि `[0-9]+` पण साधी चिन्हं होऊन बसतील.

आणि त्याआधी हेही विचारा: इथे रेजेक्स हवंच का? ठरावीक मजकूर जसाच्या तसा शोधायचा किंवा बदलायचा असेल तर साधा स्ट्रिंग शोध पुरतो. ग्रेपला मोठ्या ‘एफ’चा पर्याय दिला की तो पॅटर्नचा अर्थच लावत नाही, अक्षरशः शोधतो. एडिटरमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनची टिक काढली तरी तेच होतं.

पायरी 6: ‘बदला’च्या रकान्याची चिन्हं वेगळी

शोधायच्या पॅटर्नचे नियम बदलीच्या मजकुराला लागू नाहीत. तिथे टिंब, तारका, कंस बहुतेक ठिकाणी साधेच असतात. `\.` लिहिलं तर काही प्रोग्राममध्ये बॅकस्लॅशही मजकुरात उमटतो. तिथली विशेष चिन्हं म्हणजे `$1` किंवा `\1` (पहिला गट), आणि सेडमध्ये `&` (जुळलेलं सगळं). सेडने ‘आणि’च्या जागी `&` टाकायला गेलात तर ‘आणि’च्या जागी परत ‘आणि’च येतं. `\&` लिहावं लागतं. जावामध्ये बदलीच्या मजकुरात एकटा `$` आला की एरर येते, आणि जावास्क्रिप्टमध्ये खरा डॉलर हवा असेल तर `$$` लिहिणं सुरक्षित.

पायरी 7: जुळू नये अशा ओळींवरही चालवून बघा

आता मूळ यादीकडे या. `ता\.` मुळे तारळे आणि सातारा वाचले. पण शेऱ्याच्या रकान्यात ‘पत्ता अपूर्ण होता.’ असं वाक्य असेल तर? त्यात ‘ता.’ आहे, खऱ्या टिंबासकट. एस्केप बरोबर असूनही ‘होतालुका’ होणार. ‘ता.’च्या आधी ओळीची सुरुवात, मोकळी जागा किंवा स्वल्पविराम हवा हे सांगावं लागतं:

`(^|[ ,])ता\.`

आणि बदलीत तो आधीचा तुकडा परत ठेवायचा: `\1तालुका`, किंवा काही प्रोग्राममध्ये `$1तालुका`. सेडमध्ये मोठ्या ‘ई’चा पर्याय इथेही लागेल.

इथे कोणी शब्दसीमेचं चिन्ह, म्हणजे बॅकस्लॅश आणि बी, सुचवेल. मराठीसाठी त्यावर विसंबू नका. पायथॉनचं अंगभूत मॉड्यूल काना, मात्रा, वेलांट्यांना शब्दाचा भाग मानत नाही, त्यामुळे ‘होता’मध्ये ‘हो’नंतरच त्याला सीमा दिसते आणि ‘ता’ वेगळा शब्द वाटतो. जावास्क्रिप्टमध्ये तर कोणतंच देवनागरी अक्षर शब्दाचं अक्षर धरलं जात नाही.

म्हणून पाच-सहा ओळींची एक चाचणी-फाइल करा. त्यात जुळायला हव्यात अशा ओळी ठेवा आणि मुद्दाम जुळू नयेत अशाही: तारळे, सातारा, ताई, तारीख, होता. रेजेक्स 101 सारख्या साइटवर तपासणार असाल तर आधी तिथे आपली भाषा निवडा. निवडीत पायथॉन असेल आणि काम ग्रेपमध्ये असेल तर तिथला निकाल उपयोगाचा नाही.

पॅटर्न छापून बघितला, एस्केप बरोबर आहेत, तरी जुळत नाही असं झालं, तर मजकुरातली न दिसणारी चिन्हं तपासा. वेबपानावरून उचललेल्या मजकुरात साध्या मोकळ्या जागेऐवजी न तुटणारी मोकळी जागा असते. आणि ‘वऱ्हाड’, ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’ यांतला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे, रेजेक्सला दोन वेगळे शब्द. अशा वेळी मजकुरातला तोच शब्द कॉपी करून पॅटर्नमध्ये चिकटवा. जुळला, तर दोष बॅकस्लॅशचा नव्हता.